ठरावाची वाट : चांदवड नगरपरिषदेचा कारभार

चांदवड नगरपरिषद ही नाशिक जिल्ह्यातील 'क' वर्गातली नगरपरिषद. मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे 65 किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे गाव होळकरांचा रंगमहाल, रेणुकामातेचे देऊळ, जुनी टांकसाळ आणि 1928 साली सुरू झालेला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम यांच्यामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत मात्र इथला कारभार ग्रामपंचायतीच्या हाती होता. गावात नगरपरिषद आली आणि गावकारभाराचा कायदाच बदलला. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या जागी 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू झाला.

या बदलात चांदवडकरांनी काही गोष्टी मिळवल्या आणि एक गमावली. नगरविकास खात्याचा निधी, स्वतःचा मुख्याधिकारी, अभियंता, लेखापाल आणि बांधकाम परवानगीचे अधिकार गावात आले. ग्रामसभा मात्र गेली. ग्रामपंचायतीत वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोणीही मतदार उभा राहून सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारू शकतो. नगरपरिषदेत मतदारांची अशी सभा नाही. राज्यघटनेतल्या प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी बंधनकारक आहेत आणि चांदवडसारखे गाव त्या रेषेच्या फार खाली आहे. त्यामुळे पाच वर्षांतून एकदा मत देणे आणि मधल्या काळात सर्वसाधारण सभेत काय चालले आहे याकडे डोळे लावून बसणे, एवढेच नागरिकाच्या हाती उरते. सर्वसाधारण सभा कशी चालते, तिच्यापुढे विषय कसा येतो आणि मंजूर झालेला ठराव पुढे कुठे जातो, हे समजून घेण्याची गरज म्हणूनच लहान शहरात सर्वांत जास्त आहे.

नगरपालिकेची कल्पना या भागात नवी नाही. नाशिकची नगरपालिका 1864 ची. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाने लोकनियुक्त सदस्यांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना बळ दिले. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान अशा तीन वारशांचे वेगवेगळे नगरपालिका कायदे चालू होते. ते 1965 च्या अधिनियमाने एकत्र आणले. त्यानंतरचा मोठा टप्पा 74 व्या घटनादुरुस्तीचा. ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. तिने पाच वर्षांची मुदत, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग आणि बाराव्या अनुसूचीतले 18 विषय दिले. पण विषय अनुसूचीत असले म्हणजे ते गावच्या हाती आले असे होत नाही, आणि चांदवडमध्ये हे चांगलेच दिसते. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, वीज महावितरणची, सरकारी रुग्णालय आरोग्य विभागाचे, कांद्याचा लिलाव बाजार समितीचा. गावात एखादी गैरसोय झाली की लोक नगरसेवकाचे दार ठोठावतात. त्यातल्या कितीतरी तक्रारींवर नगरसेवकाला पत्र लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही.

नगरपरिषदेच्या हातात जे खरोखर आहे तेही कमी नाही. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, पिण्याचे पाणी, सफाई, कचरा, स्मशानभूमी, बाजाराच्या जागा, जन्म-मृत्यू नोंदणी, अतिक्रमण हटवणे, बांधकाम परवानगी, आग विझवण्याची सोय. कायद्याने यांतली बरीच कामे अनिवार्य कर्तव्ये ठरवली आहेत, तर उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे अशी कामे ऐच्छिक आहेत. पैसा अपुरा असताना आधी कशावर खर्च व्हावा याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. अंदाजपत्रक वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावे.

नगराध्यक्ष, सदस्य आणि मुख्याधिकारी या तिघांत कारभार वाटलेला असतो. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जावा की सदस्यांतून, यावर महाराष्ट्राने अनेकदा मत बदलले आहे. 2016 मध्ये थेट निवड परत आणली गेली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असा प्रसंग येऊ शकतो. मग अजेंडा ठरवणारा एक आणि ठराव मंजूर करणारे दुसरे. अशा गावात वर्षभर सभा गाजतात आणि कामे अडतात. नगराध्यक्षावर अविश्वास ठराव आणून सत्ता बदलण्याची जुनी खेळी मात्र थेट निवडीमुळे अवघड झाली. चांदवडसारख्या छोट्या सभागृहात दोन-तीन सदस्यांच्या हालचालीने सत्ता डळमळते, हे पाहता थेट निवडीच्या बाजूचा हा युक्तिवाद दुर्लक्षून चालणार नाही.

'क' वर्ग नगरपरिषदेत निवडून आलेल्या सदस्यांची संख्या सध्याच्या नियमाप्रमाणे 20 ते 25 असते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागासवर्ग यांच्या राखीव जागांतही हेच प्रमाण लागू आहे. निवडून आलेल्यांखेरीज नगरपालिका प्रशासनाचे ज्ञान किंवा अनुभव असलेल्या काही व्यक्ती स्वीकृत सदस्य म्हणून घेतल्या जातात. त्यांची संख्या निवडून आलेल्या सदस्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तितकी. त्यांना बोलता येते, मत देता येत नाही. डॉक्टर, अभियंता, वकील, निवृत्त अधिकारी यांना सभागृहात आणण्यासाठी ही तरतूद आहे. तिचा वापर पराभूत उमेदवाराचे समाधान करण्यासाठी होतो तेव्हा गावाचे सरळ नुकसान होते.

मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी. तो सभेला हजर राहतो, अध्यक्षांच्या परवानगीने खुलासा करतो, पण मत देत नाही. ठराव सभागृह करते. निविदा काढणे, कार्यारंभ आदेश देणे, देयक काढणे, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवणे आणि नोटिसा बजावणे ही कामे मुख्याधिकाऱ्याची. नगराध्यक्ष आर्थिक आणि कार्यकारी कामावर देखरेख ठेवतो आणि तातडीच्या प्रसंगी, म्हणजे अतिवृष्टीत नाला फुटला किंवा जलवाहिनी निकामी झाली तर, सभेच्या मंजुरीआधी काम सुरू करण्याचा आदेश देऊन नंतर ते सभेपुढे ठेवू शकतो. ही रचना मुद्दाम अशी ठेवली आहे की सही एकट्याच्या हाती राहू नये.

सगळ्या कारभाराचा उगम अजेंड्यात असतो. सर्वसाधारण सभेची नोटीस सदस्यांना पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. त्या नोटिशीत सभेची जागा, वेळ आणि चर्चेला येणारे विषय असतात. ती नगरपरिषदेच्या फलकावरही लागते. विषय क्रमांक एक बहुतेक नेहमी मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा. त्यापाठोपाठ कामांना मंजुरी, निविदांतील दर स्वीकारणे, जमाखर्चाची माहिती, शासनाकडून आलेली परिपत्रके, गाळ्यांचे भाडे, नामकरणे. प्रत्येक विषयाला कार्यालयाची टिपणी जोडलेली असते. काम काय, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, आधी काही मंजुरी झाली आहे का, हे टिपणीत असते. टिपणी वाचलेली नसेल तर सभागृहातले भाषण कितीही जोरदार असले तरी त्याला अर्थ नसतो. अनुभवी नगरसेवक विषयावर बोलण्याआधी टिपणीतला लेखाशीर्षाचा आकडा पाहतो.

अजेंड्याच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' अशी ओळ असते. साध्या, तातडीच्या गोष्टींसाठी ती सोय आहे: शोकप्रस्ताव, अभिनंदन, अचानक फुटलेल्या पाइपलाइनची दुरुस्ती. पण राज्यभर अनेक नगरपरिषदांत खर्चाचे, जागा देण्याचे आणि निविदांचे विषय याच ओळीखाली घुसवले गेल्याचे आरोप वारंवार झाले आहेत. सात दिवसांची नोटीस असते ती सदस्यांना आणि गावाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. ऐनवेळी आणलेल्या आर्थिक विषयात हा वेळच काढून घेतला जातो. सदस्यांनी अशा विषयाला हरकत नोंदवावी आणि ती इतिवृत्तात आलीच पाहिजे असा आग्रह धरावा. लहान गावातल्या सदस्याला एवढे करण्यासाठी बरेच धैर्य लागते, कारण विषय मांडणारा बहुधा त्याचा शेजारी किंवा पाहुणाच असतो.

सभा सुरू होण्यासाठी गणपूर्ती लागते. अध्यक्ष पीठासीन अधिकारी असतात. ते नसतील तर उपाध्यक्ष. विषय वाचला जातो, सूचक ठराव मांडतो, अनुमोदक पाठिंबा देतो, चर्चा होते आणि मतभेद असतील तर मतदान. समसमान मते पडली तर पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत असते. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे शब्द सर्रास दिसतात. त्यांचा अर्थ खरोखर सगळ्यांची संमती असाच असतो असे नाही. विरोध नोंदवून घेतला नाही तर कागदावर तो शिल्लकच राहत नाही. पुढे चौकशी झाली आणि नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर आधार घेतला जातो तो इतिवृत्ताचा. एकदा मंजूर झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत सहज फिरवता येत नाही. त्यासाठी पुरेसे बहुमत आणि स्वतंत्र नोटीस लागते.

सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. उपस्थित सदस्यांच्या बहुमताने एखादी चर्चा बंद दाराआड घेण्याचे ठरवले तरच ती अपवाद. चांदवडच्या नागरिकाला ग्रामसभेतला प्रश्न विचारण्याचा हक्क इथे नाही, पण मागच्या खुर्चीवर बसून सगळे ऐकण्याचा हक्क आहे, आणि माहितीच्या अधिकाराखाली अजेंडा, टिपणी, इतिवृत्त आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती मागण्याचा हक्कही आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. प्रेक्षकांत आठ-दहा माणसे बसलेली असली तरी सभागृहाची भाषा आणि शिस्त बदलते.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. एका गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचे उदाहरण घेता येईल. नगरपरिषदेचा अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. सर्वसाधारण सभा कामाला मंजुरी देते. निधी शासनाच्या योजनेतला असेल तर प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन प्रशासकीय मान्यता घेतो. तांत्रिक मान्यता सक्षम अभियंत्याची. मग ठरावीक रकमेपुढच्या कामासाठी ई-निविदा निघते, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे उघडले जातात आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजुरीसाठी ठेवली जाते. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश निघतो. काम चालू असताना अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी नोंदवायची. त्यावर देयक तयार होते. त्रयस्थ संस्थेची तांत्रिक तपासणी, लेखापालाची पडताळणी, मुख्याधिकाऱ्याची सही, आणि मग पैसे. कामानंतरही दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. गावातल्या लोकांना हा एक मुद्दा माहीत असायला हवा. मुदतीतला खड्डा नगरपरिषदेच्या पैशाने बुजवला जात असेल तर गाव एकाच रस्त्याचे पैसे दोनदा मोजत असते.

पैसा येतो कुठून, हा छोट्या नगरपरिषदेचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीचे शुल्क. मालमत्ता कराची आकारणी चार वर्षांनी नव्याने होते. तिला चतुर्थ वार्षिक कर आकारणी म्हणतात. पारंपरिक पद्धतीत घर वर्षाला किती भाड्याने जाईल हे धरून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजावट देतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. महिना 2,000 रुपये भाडे धरलेल्या घराचे वार्षिक भाडे 24,000 रुपये, वजावट 2,400, करयोग्य मूल्य 21,600. आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवल्या जातात आणि सुनावणी होते. मुदतीत हरकत न घेणाऱ्याला नंतर फारसे करता येत नाही. थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. याच बिलात शिक्षण कर आणि काही मालमत्तांवर रोजगार हमी उपकर असतो. हा दोन्हींचा पैसा राज्याचा, नगरपरिषद फक्त गोळा करून भरते.

ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आलेल्या गावात कर हा फार नाजूक विषय असतो. सदस्यांना वसुलीचा आग्रह धरणे जड जाते, कारण पुढची निवडणूक डोळ्यांसमोर असते. पण शासनाचे अनुदान आणि स्वतःची वसुली यांची सांगड दिवसेंदिवस घट्ट होत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासून लहान शहरांना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधून ठेवला. उरलेला 40 टक्के स्थानिक गरजेसाठी मोकळा. त्याशिवाय सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, स्वच्छ भारत अभियान (नागरी), अमृत 2.0 अशा योजना. योजनांचा पैसा बहुतेक नवे बांधकाम करण्यासाठी मिळतो. बांधलेले चालवण्यासाठी, म्हणजे पंपाच्या वीजबिलासाठी, सफाई कामगारांच्या पगारासाठी, दिव्यांच्या दुरुस्तीसाठी पैसा गावालाच उभा करावा लागतो. म्हणून गावात नवे सभामंडप दिसतात आणि जुनी गटारे तुंबलेली असतात. हा दोष एखाद्या नगराध्यक्षाचा नाही, निधीच्या रचनेचाच आहे.

चांदवडमध्ये ही अडचण सर्वांत जास्त पाण्यात जाणवते. तालुका पर्जन्यछायेतला, जमीन खडकाळ, डोंगरउताराचे पाणी वाहून जाते. ओझरखेड धरणावरून येणारी 44 गाव पाणीपुरवठा योजना ही एकट्या शहराची नाही. तिच्यावर खेड्यांचाही हक्क आहे, त्यामुळे पाण्याची वेळ, दाब आणि वीजबिलाचा वाटा यांचा निर्णय नगरपरिषदेच्या सभागृहात एकट्याने होत नाही. पाणीपुरवठ्यावर सभेत होणारी चर्चा म्हणूनच दोन स्तरांवर ठेवावी लागते: गावाच्या आतली वितरण व्यवस्था, म्हणजे टाक्या, व्हॉल्व्ह, गळती, बेकायदा नळजोड, आणि गावाबाहेरची योजना. पहिल्या भागाची जबाबदारी सदस्य टाळू शकत नाहीत. गळती शोधणे आणि बेकायदा जोड तोडणे याला मोठा निधी लागत नाही, पण त्यासाठी ओळखीच्या माणसाची नाराजी पत्करावी लागते.

विषय समित्यांचे काम सभेपूर्वी होते. बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण अशा समित्या असतात. त्यांची मुदत एक वर्षाची. समितीत खोलात जाऊन तपासलेला विषय सर्वसाधारण सभेत लवकर आणि नीट निकाली निघतो. बऱ्याच गावांत समितीच्या सभापतिपदाला मान असतो, समितीच्या बैठकांना नसतो.

अंदाजपत्रक आर्थिक वर्षापूर्वी, साधारण फेब्रुवारीत, सभागृहापुढे येते. त्यात दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. महिला-बालकल्याण आणि दुर्बल घटकांसाठीही तरतूद असते. ही रक्कम वर्षअखेरीपर्यंत खर्च झाली की नाही, हे सदस्यांनी मार्चच्या आधीच विचारले पाहिजे.

बांधकाम परवानगी डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दिली जाते. महामार्गामुळे चांदवडमध्ये दुकाने, हॉटेले, गोदामे आणि प्लॉटिंग झपाट्याने वाढले आहे. अशा गावाला विकास आराखडा सर्वांत उपयोगी पडतो. शाळा, मैदान, दफनभूमी, रुंद रस्ता यांच्यासाठी जागा आताच आरक्षित केल्या तरच त्या मिळतील. प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. आरक्षण ठेवून जमीन दहा वर्षांत संपादित केली नाही तर मालक सूचनापत्र देऊन ते आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. आराखड्यातले आरक्षण टिकवायचे तर नगरपरिषदेला भूसंपादनासाठी पैसा बाजूला ठेवावा लागतो आणि छोट्या अंदाजपत्रकात तो क्वचितच दिसतो.

सभागृहावर देखरेख जिल्हाधिकाऱ्यांची असते. एखादा ठराव बेकायदा असेल, लोकहिताविरुद्ध असेल किंवा शांतता बिघडवणारा असेल तर अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सत्ताधाऱ्यांना अडवण्यासाठी विरोधी सदस्यही या कलमाचा आधार घेतात. सदस्याने स्वतः किंवा कुटुंबीयांकरवी बेकायदा बांधकाम केले असेल किंवा नगरपरिषदेच्या ठेक्यात त्याचा हितसंबंध असेल, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या वर विभागीय आयुक्त आणि राज्याचे नगरपरिषद प्रशासन संचालनालय असते.

निवडून आलेली परिषद नसेल तर तिचे सगळे अधिकार प्रशासकाकडे जातात. नागरिकांच्या मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर बराच काळ प्रशासक होते. 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घेण्याचे आदेश दिले. प्रत्यक्षात मतदान डिसेंबर 2025 मध्ये झाले. नाशिक जिल्ह्यात भगूर, इगतपुरी, मनमाड, नांदगाव, ओझर, पिंपळगाव बसवंत, सटाणा, सिन्नर, त्र्यंबक, येवला आणि चांदवड अशा 11 नगरपरिषदांची निवडणूक या टप्प्यात घेण्यात आली. प्रशासकाच्या काळात फायली वेगाने हलतात, पण अजेंडा, चर्चा आणि नोंदवलेला विरोध या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. ठराव एकाच टेबलावर मांडला जातो आणि तिथेच मंजूर होतो. हे वर्षानुवर्षे चालू राहणे लोकशाहीला परवडणारे नाही.

वर्षाचा हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. मोजमाप न नोंदवता काढलेले देयक, मुदतीत न वसूल केलेले गाळेभाडे, योजनेचा पैसा दुसऱ्या कामावर वळवणे, न परत घेतलेली अग्रिम रक्कम, अशा गोष्टींवर आक्षेप निघतात. लेखापरीक्षण अहवाल आणि आक्षेपांचे अनुपालन सर्वसाधारण सभेपुढे ठेवले जाते. बहुतेक सभांत हा विषय सर्वांत शेवटी येतो आणि काही मिनिटांत संपतो. आक्षेपाची रक्कम कोणाकडून वसूल करायची, कोणत्या तारखेपर्यंत आणि ती वसुली कोणी तपासायची, हे त्याच सभेच्या ठरावात लिहिले गेले पाहिजे. अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागणारा नागरिक पुढच्या वर्षी याच ओळी तपासू शकतो.